एक वर्ष तरुणांच्या हाती

(मंडळाच्या वर्धापनदिनी वार्षिक सभेपुढे केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान कसे द्यावे हे मला ठाऊक नाही. पण घर चालवणाऱ्या बाईला दोन गोष्टी नक्की कळतात. घरात किती आहे आणि ते किती दिवस पुरवायचे आहे. आज मला बोलायचे आहे ते याच दोन गोष्टींविषयी. विषयाचे नाव मात्र मोठे दिले आहे, 'नव्या समाजाच्या उभारणीत तरुणांचे स्थान'. नावाला घाबरू नका. गोष्ट आपल्या पाण्याच्या हंड्याचीच आहे.

यंदाच्या एप्रिलमध्ये आपल्या मंडळाच्या आवारातली बोअर आटली हे आपणां सर्वांना माहीत आहे. बालवाडी अकरा दिवस बंद ठेवावी लागली. आपल्यापैकी ज्यांची मुले मोठी झाली, त्यांना त्या अकरा दिवसांचे फारसे काही वाटले नसेल. पण मागच्या वस्तीतून धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांची मुले आपल्या बालवाडीत येतात. त्यांतल्या कोणी मूल बरोबर घेऊन कामावर गेल्या, कोणी थोरल्या मुलीची शाळा बुडवून तिला घरी ठेवले, आणि दोघींचे काम सुटले ते सुटलेच. बालवाडीचे पाणी आटले तर कोणाचे काय आटते, ते आपण पाहिले आहे. म्हणून आजच्या सभेत एक ठराव मांडावा असे मला वाटते. तो काय आहे ते शेवटी सांगते. आधी एका गावाची हकीकत ऐका.

माझे माहेर नगर जिल्ह्यातले. त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. 1972 सालचा दुष्काळ मी पाहिला नाही, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण आईने त्याच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की तो माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. खडी फोडायला गेलेली माणसे, सुकडीसाठी लागलेल्या रांगा, दावणीला जनावरे नाहीत. त्या दुष्काळाने पुष्कळ गावांचा कणा मोडला. त्यांतलेच एक गाव हिवरेबाजार, नगर तालुक्यातले. एके काळी ते कुस्तीसाठी नावाजलेले. मात्र डोंगरावरची झाडे तोडली गेली, पाऊस मुळातच बेताचा, जो पडे तो माती घेऊन वाहून जाई. पिकले नाही की माणसे कामासाठी पुण्यामुंबईकडे जात. जी मागे राहत, त्यांच्यात दारू आणि भांडणे. सरकारी नोकराची त्या गावी बदली झाली की ती शिक्षा समजली जाई.

1989 साली या गावातल्या तरुण मुलांनी एक गोष्ट केली. नेहमीप्रमाणे दोन गटांत निवडणूक लढवण्याऐवजी त्यांनी गावातलाच एक शिकलेला मुलगा सरपंच करायचे ठरवले. तो एम. कॉम. झालेला होता, क्रिकेटचा शौकीन होता. घरच्यांची इच्छा होती की त्याने शहरात चांगली नोकरी धरावी. त्यांचे नाव पोपटराव पवार. वडीलधाऱ्यांना हे सहज पटले नाही. ज्यांनी जन्म गावात काढला त्यांनी कालच्या पोरांचे का ऐकावे? तेव्हा तरुणांनी फार मागितले नाही. त्यांनी एक वर्ष मागितले. एक वर्ष गाव आमच्या हाती द्या, नंतर काम पाहून काय ते ठरवा. आणि वडीलधाऱ्यांनी ते दिले.

मैत्रिणींनो, या गोष्टीत मला सर्वांत मोठे काही वाटत असेल तर ते हे एक वर्ष. मागणाऱ्यांनी मर्यादा घालून मागितले आणि देणाऱ्यांनी मनात शंका असूनही दिले. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे पुढे सरकावे लागले. ते वर्ष संपल्यावर गावाने पुन्हा त्यांच्यावरच विश्वास टाकला.

त्यांनी पुढे काय केले ते थोडक्यात सांगते. प्रथम शाळेकडे आणि पाण्याकडे लक्ष दिले. रोजगार हमीची कामे आणि श्रमदान यांची जोड घालून डोंगरउतारावर समतल चर खणले, ओढ्यांवर मातीचे आणि दगडाचे बांध घातले, पाझर तलाव केले, झाडे लावली. हेतू एकच, धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबवायचे आणि थांबलेल्याला जमिनीत मुरवायचे. पुढे राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत या गावाची निवड झाली.

पण नुसते चर खणून गाव सुधारत नाही. आपल्या राज्यात बांध पुष्कळ घातले गेले आणि पुष्कळ गाळाने भरूनही गेले. हिवरेबाजारने कामाबरोबर स्वतःला नियम घालून घेतले. झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. डोंगरावर गुरे मोकाट चारायची नाहीत, विळ्याने गवत कापून आणायचे. दारू नाही. कुटुंब लहान ठेवायचे. श्रमदान करायचे. आणि पाण्याच्या बाबतीत सर्वांत कठीण नियम असा की शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिके लावायची नाहीत.

हा नियम पाळणे किती अवघड आहे याचा विचार करा. एखाद्याच्या विहिरीला भरपूर पाणी आहे, शेजारच्या तालुक्यांत ऊस उभा आहे, साखर कारखान्याचा पैसा दिसतो आहे, आणि तरी तो ऊस लावत नाही. का? कारण जमिनीखालच्या पाण्याला कुंपण नसते. मी माझ्या शेतात तीनशे फूट बोअर घेतली तर माझ्या हद्दीतलेच पाणी वर येते असे नाही. शेजाऱ्याच्या साठ फुटांच्या विहिरीतले पाणीही खाली ओढले जाते. ज्याच्याजवळ पैसा त्याची बोअर खोल, आणि ज्याची बोअर खोल त्याचेच पाणी. ही शर्यत गावात एकदा लागली की गरीब पहिल्या वर्षी हरतो आणि श्रीमंत दहाव्या वर्षी; पण हरतात दोघेही.

आता कोणी म्हणेल, यात आजकाल ज्याचा एवढा गाजावाजा आहे ते तंत्रज्ञान कोठे आहे? आहे, आणि अगदी मधोमध आहे. गावात पर्जन्यमापक बसवले. ठरावीक विहिरींत पाणी किती खोल आहे याची मोजणी ठेवली. सरकारच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने पावसाळा संपला की हिशेब मांडला जातो. यंदा पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, मग शेतीला किती उरते. याला ते पाण्याचा ताळेबंद म्हणतात. हा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्यावरून रब्बीला काय आणि किती पेरायचे ते ठरते. पाऊस कमी झाला तर उन्हाळी पीक सोडून द्यायचे, पण पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. आपण महिन्याच्या पहिल्या तारखेला आधी दूध, वाणी आणि फी यांचे पैसे बाजूला काढतो आणि मग साडीचा विचार करतो, तेच हे. फरक इतकाच की आपण ते एका घरापुरते करतो आणि त्यांनी ते गावासाठी केले.

म्हणून मी माझ्या मुलीला नेहमी सांगते, तंत्रज्ञान म्हणजे हातातली वस्तू किती महाग आहे ते नव्हे. पर्जन्यमापक ही फार साधी वस्तू आहे. पण तिच्यामुळे गावातला वाद मिटतो, कारण 'मला वाटते' याच्या जागी 'मोजले आहे' येते. जेथे मोजमाप नसते तेथे ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. आणि बायकांचा आणि गरिबांचा आवाज कधीच मोठा नसतो. म्हणून मोजमाप हे दुबळ्याच्या बाजूचे आहे, असे मला वाटते.

या गावाला पुढे काय मिळाले? विहिरींचे पाणी वर आले, दूध वाढले, कांदा आणि भाजीपाला होऊ लागला, गाव सोडून गेलेली कितीतरी कुटुंबे परत आली. 1990 नंतरच्या पहिल्या वर्षांत गावातली बहुतेक कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. वीस वर्षांत अशी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी उरली. गावाला पाण्याच्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2020 साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. आणखी एक गोष्ट सांगते, ती मला पुरस्कारांपेक्षा मोठी वाटते. गावात एकच मुसलमान कुटुंब होते. त्या एका कुटुंबासाठी गावाने मशीद बांधून दिली. एका घरासाठी ज्या गावाला इतके करावेसे वाटते, ते गाव पाणी वाटून घेऊ शकते यात नवल नाही. सर्वांना बरोबर घेणे ही भाषणात बोलायची गोष्ट नव्हे. जो संख्येने सर्वांत थोडा आहे त्याला काय मिळाले, यावरून ती ओळखायची.

या साऱ्या हकीकतीतून मी माझ्यापुरते तीन शब्द काढले आहेत. मोजा, वाटा, राखा. मोजल्याशिवाय नीट वाटता येत नाही, नीट वाटल्याशिवाय कोणी राखायला तयार होत नाही, आणि राखले नाही तर पुढच्या वर्षी मोजायला काही उरत नाही. यांतला एक शब्द काढला तर बाकीचे दोन लंगडे पडतात.

आता आपल्या अंगणात येऊ.

बोअर आटली तेव्हा आपण सर्वजणी काय करत होतो? टँकरसाठी फोन करत होतो, वर्गणी काढत होतो, आणि एकमेकींना विचारत होतो की आता कसे. त्याच आठवड्यात या मागच्या सतरंजीवरच्या तीन मुली आणि एक मुलगा मोजपट्टी घेऊन मंडळाच्या छपरावर चढले होते. काहीजणी त्यांना ओरडल्याही, की पत्रे फुटतील, खाली उतरा. ते उतरले आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन त्यांनी हिशेब मांडला. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. तो मला समजला, म्हणजे आपणां सर्वांना समजेल.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. आपल्या छपराची लांबी 12 मीटर, रुंदी 9 मीटर. म्हणजे 108 चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटर धरला तर 108 गुणिले 600, म्हणजे 64,800 लिटर पाणी दर पावसाळ्यात आपल्या छपरावर पडते आणि पन्हळीतून रस्त्यावरच्या गटारात जाते. पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून द्यावे लागते, काही उडते, काही सांडते. म्हणून शेकडा वीस वजा करा. तरी 51,840 लिटर उरते. आपण जो टँकर मागवतो तो 10,000 लिटरचा. याचा अर्थ देव दर वर्षी आपल्या डोक्यावर पाच टँकर फुकट पाठवतो, आणि आपण ते गटाराला देऊन एप्रिलमध्ये विकतचा टँकर मागवतो.

मुलांनी उपायही लिहून आणला आहे. पन्हळ नीट करायची, पाणी खडी, वाळू आणि कोळसा यांच्या थरांतून गाळायचे, काही टाकीत साठवायचे आणि बाकीचे बोअरजवळच्या खड्ड्यातून जमिनीत सोडायचे. जमिनीत सोडलेले सगळेच पाणी आपल्याच बोअरला परत मिळेल असे नाही, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले. काही वस्तीतल्या हातपंपाला जाईल. मला हे ऐकून बरे वाटले. आपण इतकी वर्षे खालून पाणी उपसले, त्यातलेही काही त्या हातपंपाचे असेलच.

मग हे काम का झाले नाही? कारण ते करायला मुलांच्या हाती अधिकार नाही. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत पस्तीस वर्षांच्या आतली एकही बाई नाही. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. ज्यांनी हे मंडळ वर्गणीच्या एकेका रुपयातून उभे केले, त्या मावश्यांना मी आजही वाकून नमस्कार करते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या देशात एकवीस वर्षे पूर्ण झाली की ग्रामपंचायतीला उभे राहता येते, आणि महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. म्हणजे एकवीस वर्षांची मुलगी गावाची सरपंच होऊ शकते. ती आपल्या मंडळाच्या पन्हळीचा हिशेब सांभाळू शकणार नाही काय?

याला आपल्यात दोन-तीन आक्षेप घेतले जातात, तेही मोकळेपणाने बोलू.

पहिला आक्षेप, मुली उद्या लग्न होऊन जातील. जातील ना! पण आपणही कोठून तरी लग्न होऊनच येथे आलो आहोत. ज्या मुलीने येथे पाण्याचा ताळेबंद मांडला ती सासरच्या गावीही मांडील. आणि ती जाण्यापूर्वी वही कोणाच्या हाती द्यायची हे ठरलेले असले म्हणजे झाले. काम एका माणसाच्या डोक्यात राहिले तर ते त्याच्याबरोबर जाते. वहीत आणि नियमात राहिले तर टिकते. हिवरेबाजारात नियम ग्रामसभेचे आहेत, ही त्या गावची खरी कमाई आहे.

दुसरा आक्षेप, आजची मुले सदा मोबाइलमध्ये डोके घालून असतात. खरे आहे, आणि मीही त्यावरून घरात बोलते. पण त्याच मोबाइलवर त्यांनी टँकरच्या पावत्या जमवून वर्षाचा खर्च काढला, तो आपल्याला कागदावर कधी काढता आला नव्हता. सुरी वाईट की चांगली हे भाजी चिरली की बोट, यावर ठरते.

तिसरा आक्षेप मात्र मला मुलांच्या समोर ठेवायचा आहे, आणि त्याचे उत्तर त्यांनी द्यायचे आहे. मुलांनो, तुम्ही सगळे निरोप मोबाइलच्या गटावर टाकता. आपल्या थोरल्या काकूंजवळ तसा फोन नाही. वस्तीत एका घरात एकच फोन असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात कामावर जातो. ज्यांची मुले बालवाडीत येतात त्यांनाच बालवाडी बंद असल्याचा निरोप शेवटी कळला. तुमचे यंत्र कितीही जलद असले तरी ते ज्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्याच्या दृष्टीने ते नाहीच. म्हणून पुढारीपण हवे असेल तर बैठकीत आधी हे विचारा की आज येथे कोण आलेले नाही, आणि का. हिशेब फळ्यावर खडूने लिहा. तो वाचता न येणारीला वाचून दाखवा. आणि खड्डा खणायचा असेल तेव्हा कुदळ तुम्ही धरा. मजूर लावून श्रमदानाचे छायाचित्र काढू नका.

आता माझा ठराव. हिवरेबाजारच्या वडीलधाऱ्यांनी जे दिले तेच मी आपणांजवळ मागते, एक वर्ष. मंडळाच्या पाण्याचे काम पुढच्या वर्धापनदिनापर्यंत पाच तरुणांच्या हाती द्यावे. पाचांत निदान तीन मुली असाव्यात, आणि निदान दोघेजण मागच्या वस्तीतले असावेत. टँकरसाठी आपण दर उन्हाळ्यात जी वर्गणी काढतो, ती यंदा पावसाळ्याच्या आधी काढून त्यांच्याकडे द्यावी. त्यांनी दर महिन्याला पैशाचा आणि पाण्याचा, दोन्ही हिशेब दारातल्या फळ्यावर लिहावा. ज्येष्ठ मंडळींपैकी दोघींनी त्यांना सल्ला द्यावा, पण त्यांच्या हातातले काम काढून घेऊ नये. हे शेवटचे कलम आपल्यासाठी आहे, बरे का! आपल्याला वाटते आपण मदत करतो, आणि सून कणीक मळत असताना आपण परात ओढून घेतो.

एक वर्षाने याच सभेत फळा आणू. एप्रिलमध्ये बालवाडी किती दिवस उघडी होती तो आकडा पाहू. टँकर किती आले तो आकडा पाहू. काम झाले नसेल तर तसे स्पष्ट म्हणू आणि दुसरा मार्ग शोधू. झाले असेल तर गावाने तेथे जे केले ते आपण येथे करू, पुढची वर्षे त्यांच्या हाती देऊ.

कोणी म्हणेल, एका मंडळाच्या छपराने समाज काय बदलणार? मला समाजाचे मोठे गणित येत नाही. पण आपल्या आळीत अशी चाळीस-पन्नास छपरे आहेत, आणि आपल्या छपरावर चढलेली मुले त्याच घरांतली आहेत. त्यांना एकदा हे जमले की ती दुसऱ्या छपरावर चढायला आपली परवानगी विचारणार नाहीत, आणि विचारायची गरजही उरणार नाही.

अध्यक्षीणबाई, माझे बोलणे लांबले, क्षमा असावी. ठराव मी मांडला आहे. त्याला अनुमोदन द्यायला कोणी एक ज्येष्ठ मावशी उभी राहील अशी माझी फार इच्छा आहे. कारण ही गोष्ट मुलांनी मागून घेण्यापेक्षा आपण हाताने देण्यात अधिक शोभा आहे.